एम्बेडेडसाठी लो-लेव्हलचं आधी काय शिकायचं अन् काय नंतर

आपल्या जळगाव-धुळ्याकडची एम्बेडेड (म्हणजे यंत्रात बसवलेल्या छोट्या चिपचं प्रोग्रामिंग) शिकणारी पोरं नेहमी विचारतात की असेंब्ली (चिपच्या थेट इन्स्ट्रक्शनची भाषा) शिकू, रस्ट (एक नवी प्रोग्रामिंग भाषा) शिकू का सरळ आरटीओएस (चिपवर कामं वेळेत वाटून देणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम). माझं म्हणणं एकच, आधी एक वस्तू ठरव भो, अन् ती वस्तू जे मागेल ते शिक. वस्तू शोधायला लांब जायची पण गरज नाही, केळीच्या बागेतल्या ड्रीपची मोटर मोबाईलवरून चालू-बंद करणारा स्टार्टर घे.

पहिले सी भाषा. त्यातही पॉइंटर (मेमरीचा पत्ता), बिट ऑपरेशन अन् व्होलाटाइल (व्हॅल्यू दरवेळी मेमरीतून नव्याने वाच असं सांगणारा शब्द) हे तीन पक्के कर. इंटरप्टमध्ये (चालू काम थांबवून मध्येच चालणाऱ्या कोडमध्ये) बदलणाऱ्या फ्लॅगला व्होलाटाइल नाही लावलं तर कंपायलर (सी चा कोड चिपच्या भाषेत करणारा प्रोग्राम) जुनीच व्हॅल्यू धरून ठेवतो अन् प्रोग्राम लूपमध्ये फिरत बसतो, अन् कंपायलरचं ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करणं) बंद केलं की सगळं बरोबर चालतं, त्यामुळे चूक लवकर सापडतच नाही.

मग अर्डुइनो उनो आर3 (शिकायला सोपा चिपचा बोर्ड) घे पण त्याची तयार फंक्शनं वापरू नको. त्यातल्या एटीमेगा 328पी चिपची डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) उघड, 13 नंबरची पिन म्हणजे पोर्ट बी चा बिट 5, तो बिट स्वतः रजिस्टरमध्ये (चिपमधल्या सेटिंगच्या छोट्या कप्प्यात) सेट करून एलईडी लाव. रॅम फक्त 2 केबी आहे, त्यामुळे मेमरी जपून वापरायची सवय आपोआप लागते.

यूएआरटी (दोन उपकरणांनी तारेवरून एकेक बिट पाठवायची पद्धत) लवकर शिक, जीएसएम मॉड्यूलशी (मोबाईल नेटवर्कला जोडणाऱ्या भागाशी) त्याच्यावरूनच एटी कमांडने बोलायचं असतं. आयटूसी, एसपीआय या सेन्सर वगैरे जोडायच्या दुसऱ्या पद्धती, त्या सेन्सर लागेल तेव्हा.

आता खरी महत्त्वाची गोष्ट, जी बरेच जण सोडून देतात. मोटरचा कॉन्टॅक्टर (मोटरला वीज देणारा मोठा स्विच) ओढला की नॉइज येतो, व्होल्टेज पडतं, चिप अडकते नाहीतर रिसेट होते. म्हणून वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर चिप रिसेट करणारा टायमर) अन् ब्राउन-आउट डिटेक्टर (व्होल्टेज पडलं तर चिप रिसेट करणारा भाग) नीट वाच, अन् चालू झाल्या झाल्या रिसेटचं कारण सांगणारं रजिस्टर वाचून ठेव. रिसेटनंतर या चिपच्या पिना इनपुट होतात, तेव्हा रिले (चिपने चालवायचा विजेचा स्विच) बंदच राहील अशी सर्किटमध्ये सोय कर, कारण विहिरीत पाणी नसताना मोटर चालू झाली तर शेतकऱ्याचं नुकसान होतं.

असेंब्ली लिहायला नको, वाचता यायला पाहिजे. कंपायलरने काय बनवलं ते बघ, तो पोर्टचा एक बिट सेट करायला एकच इन्स्ट्रक्शन निघते, 2 क्लॉक सायकलची. एवढं समजलं तरी सध्या भरपूर.

आरटीओएस एकाच वेळी तीन-चार कामं सांभाळायची वेळ आली की घे. रस्ट चांगलीच आहे, पण नोकरीत हातात येणारा जुना कोड बहुतेक सी मधलाच असतो, म्हणून ती नंतर. अन् पैसे वाचवायचे असतील तर दुसरा बोर्ड घेऊ नको, साधा लॉजिक अ‍ॅनालायझर (पिनांवरचे सिग्नल कॉम्प्युटरवर दाखवणारं साधन) घे.