जेवणानंतर ‘दोन शब्द’ बोलायचेत? या चुका टाळा

निरोप समारंभ, साठी, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, सोसायटीचं स्नेहसंमेलन. जेवणं आटोपतात आणि “आता आपले अमुकतमुक दोन शब्द बोलतील” असं म्हणत कुणाच्या तरी हातात माइक दिला जातो. गंगापूर रोडच्या लॉन्सपासून सातपूरच्या कारखान्यांपर्यंत अशा कार्यक्रमांचं सूत्रसंचालन मी करत आलोय. माणसं बदलतात, चुका त्याच.

लांबण लावणं ही तर आपली नाशिकची खास चूक. गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात दर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला होते, तीही गेली शंभर वर्षं. ते संस्कार असे मुरलेत की माइक दिसला की माणसाला व्याख्यानच सुचतं. पण पटांगणात येणारा घरून ऐकायलाच निघालेला असतो. लॉन्सवर समोर बसलेला माणूस मसालेभात, मठ्ठा आणि वर अंगूर रबडी खाऊन जडावलाय, डिसेंबरची थंडी कानाला लागतेय आणि त्याला अजून सिडकोपर्यंत गाडी हाणायचीय. त्याच्याकडे तुमच्यासाठी पाच मिनिटं आहेत. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, तेव्हा सहाशेच्या वर लिहूच नका. “मी काही फार वेळ घेणार नाही” हे वाक्यही नको. ते ऐकलं की केटररची पोरंसुद्धा खुर्ची ओढून बसतात.

व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं पुन्हा घेऊ नका. ती आम्ही घेतलेली असतात. तुमच्याकडून एखादं सुटतं आणि ज्याचं सुटतं तो वर्षभर विसरत नाही.

आता माझी सगळ्यात नावडती चूक : व्हॉट्सॲपवरचा विनोद. एका फोरमनच्या निरोपाचं जेवण होतं. एका साहेबांनी नवरा-बायको-रिटायरमेंटचा एक विनोद सांगितला, बऱ्यापैकी हशा झाला. त्यांच्यानंतर बोलणारे गृहस्थ तेव्हा बाहेर पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालत आपलं भाषण पाठ करत होते. आत आले, माइक घेतला आणि तोच विनोद सुरू केला. दोघंही एकाच ग्रुपवर, त्याला कोण काय करणार! पहिल्या वाक्याला कुजबुज, दुसऱ्याला खसखस. त्यांना वाटलं रंग भरतोय, म्हणून त्यांनी तो आणखी हातवारे करून, बायकोचा आवाज काढून सांगितला. शेवटचं वाक्य अख्ख्या टेबलानं त्यांच्याबरोबर म्हटलं. फोरमनसाहेब आणि त्यांच्या बायकोने कुठे बघावं हे त्यांना कळेना. त्यापुढे त्या गृहस्थांनी काय सांगितलं ते कुणाला आठवत नाही, आणि खरं तर मजकूर बरा होता.

म्हणून एक तर आधीच्या वक्त्यांचं भाषण आत बसून ऐका. दुसरं, विनोद सांगूच नका, किस्सा सांगा. सत्कारमूर्तीचा, खरा घडलेला. तो मिळवायला मी आठवडाभर आधी दोघा-तिघांना फोन करतो. साहेबलोक कामाचे नाहीत, ते “अत्यंत मनमिळाऊ” एवढंच सांगतात. जुना ड्रायव्हर, स्टोअरवाला, मेहुणी यांना विचारा. फोरमन रात्रपाळीत भट्टीवर भरीत भाजायचे, हे मला स्टोअरवाल्याने सांगितलं होतं. असा एक किस्सा मिळाला की भाषण झालं म्हणून समजा. मात्र तो आधी घरच्यांच्या कानावर घाला. सगळ्यांदेखत चिडवायचं कशावरून आणि कशावरून नाही, ते त्यांनाच ठाऊक असतं.

हल्ली मोबाइलकडूनच भाषण लिहून घ्यायची टूम निघालीय. दुपारी चारला आठवण होते, रात्री नऊला ‘गोदामाईच्या पावन तीरावर’ सुरू. मग कुसुमाग्रजांच्या दोन ओळी, त्यांचा प्रसंगाशी संबंध असो वा नसो. माझी परीक्षा सोपी आहे : सत्कारमूर्तीचं नाव काढून दुसऱ्या कुणाचंही घाला. भाषण तरीही चालत असेल, तर कागद फाडा. पाच तासांत किस्सा शोधून होत नाही, हे या घाईवाल्यांना कोण सांगणार. आणि मोबाइलवरून वाचू तर नकाच. ऐन रंगात येताना स्क्रीन विझते किंवा घरून फोन येतो. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरांत चार मुद्दे पुरतात.

माइकवर फुंकर मारू नका, टिचक्याही नकोत. त्याची जाळी मुठीत धरली किंवा स्पीकरच्या समोर जाऊन उभं राहिलं की तो किंचाळतो. मग साउंडवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही. जेवणाआधी त्याला गाठून एक वाक्य बोलून बघा, तो खूश होतो.

नाशिक वाइनचं गाव आहे हे मान्य. पण ग्लास भाषणानंतर.

आणि शेवटचं वाक्य तेवढं शब्दशः पाठ करा. ते नसलं की माणूस “तर मित्रहो, सांगायचं म्हणजे” करत फिरत राहतो आणि शेवटी मला नारळ-शाल घेऊन त्याच्या शेजारी जाऊन उभं राहावं लागतं.