ऑटिस्टिक माणसाला एम्पथी वाढवता येते का? येते, पण आधी नक्की काय वाढवायचंय ते बघा

एम्पथी, म्हणजे दुसऱ्याच्या भावना समजून त्याच्याशी जोडलं जाणं, हे एकच काहीतरी असं नसतं. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं वेगळं आणि ते कळल्यावर आपल्या पोटात तुटणं वेगळं. बऱ्याच ऑटिस्टिक (ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेल्या) लोकांचं घोडं अडतं ते ओळखण्यात. वाटायचं म्हणाल तर काहींना इतकं वाटतं की सहन न होऊन ते गप्प होतात नाहीतर उठून निघून जातात, आणि बघणारे म्हणतात, काय कोरडा माणूस आहे!

म्हणून सुरुवात स्वतःपासून करा. जवळपास निम्म्या ऑटिस्टिक लोकांना अलेक्सिथायमिया असतो, म्हणजे आपल्याला राग आलाय, भीती वाटतेय की नुसती भूक लागलीय हेच पटकन कळत नाही, आता स्वतःचं कळेना तर दुसऱ्याचं कुठून कळणार. 2010 च्या एका ब्रेन स्कॅन अभ्यासात दुसऱ्याच्या वेदनेला मेंदूचा प्रतिसाद कमी का पडतो त्याचा संबंध अलेक्सिथायमियाशी निघाला, ऑटिझमशी नाही. तर दिवसातून दोन-तीनदा थांबून अंगात काय होतंय तेवढंच लिहा, छाती जड, जबडा आवळलेला, जे असेल ते. भावनेचं नाव नंतर सापडलं तरी चालतं.

मग अंदाज बांधत बसू नका, सरळ विचारा. "नुसतं ऐकू की काही सुचवू?" एवढं एक वाक्य पाठ असलं तरी खूप काम होतं. उशिरा लक्षात आलं तर उशिरा मेसेज करा, "सकाळी तू बोललीस ते आत्ता डोक्यात शिरलं, कशी आहेस?" आणि कोणी दुःख सांगितलं की आपलाही तसाच किस्सा सांगायची सवय असेल (असतेच!) तर किस्सा दोन वाक्यांत उरकून परत त्यांच्यावर या, नाहीतर त्यांना वाटतं तुम्ही विषय स्वतःकडे ओढला.

चेहऱ्यांचे फोटो बघून भावना ओळखायच्या प्रॅक्टिसवर माझा फारसा भरवसा नाही, फोटो ओळखता येतात पण रोजच्या जगण्यात ते उतरेलच असं नाही. डोळ्यात डोळे घालून बोलायची सक्ती तर नकोच, सगळं लक्ष तिथेच जातं आणि बोलणं ऐकायचं राहून जातं.

आता घरच्यांनो, तुम्हालाही होमवर्क आहे. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या समाजशास्त्रज्ञाने 2012 मध्ये डबल एम्पथी प्रॉब्लेम मांडला, म्हणजे न कळणं दोन्ही बाजूंनी असतं. पुढे 2020 च्या एका प्रयोगात एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी गोष्ट सांगत नेली, तर सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीइतकीच नीट पोचली, गळती झाली ती मिश्र साखळीत. त्यामुळे उसासे टाकून समजून घ्यायची वाट बघू नका, "मी दमलेय, भांडी तू घास" असं म्हणा. आणि कोणी रडायला लागल्यावर घरातल्या ऑटिस्टिक माणसाला सुचेनासं होत असेल तर आधीच ठरवून ठेवा, "दहा मिनिटांत येतो" म्हणून बाहेर जायचं, आणि दहा मिनिटांनी खरंच यायचं.