पितळ, तांबे, ब्राँझ काळे करताय? या चुका टाळा

पॅटिनाचे (धातूला जुनाट काळा रंग आणणारे) द्रावण धातूच्या अगदी वरच्या थराशी क्रिया करते आणि त्या थराचेच काळे संयुग बनवते. म्हणजे द्रावण आणि धातू यांच्यामध्ये काहीही आले, तर तिथे काळेपणा येणार नाही. आणि क्रिया फार झपाट्याने झाली, तर काळेपणा येईल पण टिकणार नाही. बहुतेक बिघाड या दोनपैकी एका कारणाने होतात.

द्रावणच चुकीचे

तांब्यावर सुंदर काळेपणा आणणारे लिव्हर ऑफ सल्फर (गंधक आणि पोटॅशियमच्या संयुगांचे मिश्रण) पितळेवर मात्र रुसते. त्यातले गंधक तांब्याशी क्रिया करते. पितळेतले जस्त त्यात आडवे येते, आणि फार तर मळकट तपकिरी छटा मिळते. पितळेसाठी सेलेनियस आम्ल (सेलेनियमचे आम्ल) आणि मोरचूद (कॉपर सल्फेट) असलेले द्रावण घ्या. ते थंडच वापरायचे असते आणि तिन्ही धातूंवर चालते. ॲल्युमिनियम ब्राँझ आणि जर्मन सिल्व्हर (तांबे, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू) मात्र दोन्हींना सहसा दाद देत नाहीत.

विकत घेतलेली वस्तू पितळेचीच आहे ना, हे आधी चुंबक लावून बघा. चुंबक चिकटला तर आत लोखंड आणि वर पितळेचा मुलामा आहे. असा मुलामा घासताना किंवा आम्लात सहज निघून जातो.

लॅकर न काढता सुरुवात

‘द्रावण काहीच करत नाही’ या तक्रारीमागे बहुधा लॅकर असतो. कड्या, मुठी, दिव्यांचे भाग यांवर कारखान्यातच पारदर्शक थर दिलेला असतो आणि तो नव्या वस्तूवर डोळ्याला दिसत नाही. मागच्या बाजूला द्रावणाचा एक थेंब टाका. मिनिटभरात डाग पडला नाही, तर लॅकर आहे असे समजा. साधा लॅकर ॲसिटोनने निघतो. भट्टीत भाजलेल्या लॅकरला पेंट रिमूव्हरच लागतो.

आरशासारखी चकाकी आणि बोटांचे ठसे

बफ केलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर काळा थर नीट पकड घेत नाही, शिवाय बफिंगचे मेण बारीक खाचांत अडकून राहते. ३२० ते ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने किंवा नायलॉनच्या घासणीने पृष्ठभाग एकसारखा मंद करा. मग साबण आणि बारीक प्युमिस पावडरने घासून धुवा. नुसते ॲसिटोन पुसून थांबू नका. फडक्यातले तेल तेच फडके पुन्हा वस्तूवर पसरवते.

धुतल्यावर वस्तू तिरकी धरा. पाण्याची अखंड पातळ चादर राहिली तर ती स्वच्छ आहे. पाणी थेंबाथेंबांत फुटले, तर तिथे तेल आहे. यानंतर नायट्राइलचे हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही. बोटाचा ठसा काळ्या पृष्ठभागावर हुबेहूब उमटतो.

काजळीसारखा काळा, हाताला लागणारा

सर्वात जास्त कामे इथे बिघडतात, आणि कारण एकच: घाई. दाट द्रावणात वस्तू काही सेकंदांत काळीभोर होते, बघायला छान वाटते, आणि कोरडी झाली की फडक्याला काजळी लागते. क्रिया वेगाने झाल्यामुळे थर भुसभुशीत बनतो. धातूला घट्ट चिकटायला त्याला सवडच मिळत नाही.

उपाय म्हणजे द्रावण पातळ करणे. बाटलीवर वेगळे सांगितले नसेल, तर सेलेनियमच्या तीव्र द्रावणासाठी १ भाग द्रावण आणि ९ ते १० भाग डिस्टिल्ड पाणी इथून सुरुवात करा. पाणी आधी भांड्यात घ्या, द्रावण नंतर त्यात ओता. वस्तू पूर्ण बुडवा आणि हलवत राहा, नाहीतर भोकांत आणि खाचांत हवेचे बुडबुडे अडकून फिकट ठिपके राहतात. हवा तसा काळेपणा येण्याच्या जरा आधी बाहेर काढा, धुवा, घासणी हलकेच फिरवा, पुन्हा बुडवा. असे तीन-चार पातळ थर एका दाट थरापेक्षा कितीतरी पक्के बसतात. द्रावण आणि वस्तू दोन्ही २० ते २५ अंश सेल्सियसला असू द्या. गार धातूवर क्रिया रेंगाळते आणि माणूस द्रावण दाट करायला जातो.

लिव्हर ऑफ सल्फरचा वाटाण्याएवढा खडा पेलाभर गरम पाण्याला पुरतो. पाणी उकळते नको. त्याने द्रावण लवकर मरते. पिवळेपणा गेला की ते संपले असे समजून नवे करा. त्यात आम्ल कधीही पडू देऊ नका. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो.

मोठी वस्तू बुडत नसेल, तर ओल्या स्पंजने खालून वर जा आणि सगळा भाग ओला ठेवा. वरून ओघळलेला थेंब कोरड्या धातूवर रेघ ओढून जातो.

गुलाबी चट्टे

पितळ तांबूस दिसू लागले, तर आधी चिमटा बघा. मोरचूद असलेल्या आम्लधर्मी द्रावणात लोखंड गेले की द्रावणातले तांबे सुटून लोखंडावर बसू लागते, आणि त्याला टेकलेल्या पितळेवरही चढते. स्टील वूलचे अडकलेले तंतू तेच करतात आणि पुढे गंजतातही. भांडे प्लास्टिकचे ठेवा, चिमटा आणि तार प्लास्टिकचे किंवा तांब्याचे. पितळ साफ करायला आम्लात फार वेळ ठेवले, तरी वरचे जस्त निघून तांबे उरते. दोन्ही चट्टे पॉलिश पेपरने काढता येतात.

डाखाच्या जागी वेगळा रंग आला, तर तो द्रावणाचा दोष नाही. डाखाचा धातूच वेगळा असतो.

अमोनियाच्या वाफेने हिरवट-तपकिरी छटा आणणाऱ्यांसाठी एक इशारा: वाकवलेले, ठोकलेले किंवा दाबून आकार दिलेले पितळ अमोनियात तडकू शकते. आतला ताण घालवण्यासाठी ते आधी सुमारे २५० ते ३०० अंशांवर तासभर तापवून घ्यावे.

काही दिवसांनी सांध्यांतून हिरवे फुटते

हे जंगाल, म्हणजे तांब्याचा हिरवा गंज आहे, आणि ते खाचांत राहिलेल्या आम्लामुळे येते. शेवटी १ लिटर पाण्यात मोठा चमचाभर खायचा सोडा घालून वस्तू त्यात बुडवा, स्वच्छ पाण्याने खळखळून धुवा, गरम हवेने सांध्यांपर्यंत वाळवा. ओलावा राहिला असताना लॅकर मारला तर पांढुरका धुरकटपणा येतो. मायक्रोक्रिस्टलाइन मेण वस्तू कोमट असताना लावले तर सारखे पसरते. वाळल्यावर काळा रंग राखाडी वाटतो आणि मेणाने पुन्हा गडद होतो. म्हणून छटा ठरवताना वस्तू ओली करून बघा.

सेलेनियम विषारी असते आणि त्वचेतूनही शरीरात जाते. हातमोजे, चष्मा आणि खेळती हवा हवीच, आणि खाण्यापिण्याच्या भांड्यांवर हे काम करू नका. वापरलेले द्रावण मूळ बाटलीत परत ओतले की त्यात विरघळलेला धातू उरलेले चांगले द्रावणही नासवतो. ते वेगळ्या, नाव लिहिलेल्या प्लास्टिकच्या डब्यात साठवून रासायनिक कचरा घेणाऱ्यांकडे द्या. मोरीत ओतू नका. सेलेनियम आणि तांबे दोन्ही पाण्यातल्या जीवांना मारक आहेत.