श्लाख्टेनझेत उतरण्यापूर्वी: सोलापूरहून बर्लिनला येणाऱ्यांसाठी

सोलापूर जिल्ह्यातून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बर्लिनला येणारी तरुण मंडळी पहिला उन्हाळा लागला की शहराच्या नैर्ऋत्येकडील श्लाख्टेनझे या छोट्या तलावावर हमखास पोहोचतात. एस 1 या लोकलने त्याच नावाच्या स्थानकावर उतरले की काही पावलांवर पाणी आहे. तिकीट नाही, कुंपण नाही, आणि काठाजवळचा तळ दिसावा इतके पाणी नितळ असते. हा नितळपणा आपोआप आलेला नाही. जवळच्या बीलित्सहोफ येथील केंद्रात फॉस्फेट काढून टाकलेले पाणी 1981 पासून या तलावात सोडले जाते, म्हणून शेवाळ आटोक्यात राहते. मात्र तळ दिसतो म्हणून तलाव उथळ आहे असे समजू नये. हिमयुगात कोरल्या गेलेल्या या लांबट तलावाची खोली मध्यभागी आठ मीटरांहून अधिक आहे आणि काही ठिकाणी काठापासून थोड्याच अंतरावर पाय टेकेनासे होतात.

विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या माणसाला पाण्याची भीती नसते, पण ते पाणी आणि हे पाणी यांत मोठा फरक आहे. विहिरीच्या पाण्याचे तापमान साधारणपणे त्या प्रदेशातील हवेच्या वार्षिक सरासरीच्या जवळपास राहते. सोलापुरात ही सरासरी 27 अंशांच्या आसपास असल्यामुळे मे महिन्यात पारा 44 वर गेला काय किंवा डिसेंबरच्या पहाटे कडाक्याची थंडी पडली काय, विहिरीत उतरणाऱ्याला पाणी सुखाचेच लागते. बर्लिनची सरासरी मात्र 10 अंशांच्या आसपास आहे, आणि उघड्या तलावाच्या पृष्ठभागाचे पाणी वर्षभरात गोठणबिंदूपासून 24-25 अंशांपर्यंत चढउतार करते. शिवाय पाणी हवेच्या मागून, कित्येक आठवडे उशिरा तापते आणि तितक्याच सावकाश निवते. म्हणून मेच्या मध्यावर हवा 28 अंश असली तरी पाणी 14-15 अंशच असू शकते. उलट सप्टेंबरच्या आरंभी हवा 20 अंशांवर आली तरी पाणी 19-20 अंशांचे मिळते. गणपतीच्या दिवसांत आपली माणसे स्वेटर चढवून काठावर बसतात आणि मेमध्ये उघड्या अंगाने उड्या मारतात, तेव्हा त्यांनी नेमका उलटा हिशेब केलेला असतो.

मे महिन्यात उडी मारू नका. पंधरा अंशांच्या पाण्यात अंग एकदम बुडाले की त्वचेला बसणाऱ्या धक्क्याने माणूस नकळत मोठा श्वास आत ओढतो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर तो श्वास पाण्याचाच असतो. त्यानंतर साधारण मिनिटभर धाप लागते, नाडी आणि रक्तदाब वाढतात, आणि उत्तम पोहणाऱ्यालाही हातपाय कसे मारायचे ते सुचत नाही. बार्शीकडचा एक धट्टाकट्टा तरुण, गावच्या विहिरीत कठड्यावरून सूर मारणारा, मेमधल्या एका रविवारी असाच धावत येऊन पाण्यात झेपावला. वर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते, तोंड उघडे होते आणि त्यातून आवाज फुटत नव्हता. काठावरच्या एका वृद्ध जर्मन बाईने फांदी पुढे केली नसती तर पुढे काय झाले असते, याचा विचार करवत नाही. विहिरीत चार हात मारले की हाताला कड लागते. तलावात धरायला काही नसते. तरीही असा धक्का बसलाच, तर पोहण्याचा प्रयत्न सोडून पाठीवर तरंगावे, तोंड वर ठेवावे आणि श्वास ताळ्यावर येईपर्यंत थांबावे. मे महिन्यात उडी मारू नका, हे मी पुन्हा लिहितो, कारण दर वर्षी नवी मंडळी येतात आणि दर वर्षी तेच घडते.

पाण्यात शिरायचे ते चालत शिरावे. प्रथम घोटे, मग गुडघे, मग मनगटे आणि मान भिजवून मगच छातीपर्यंत जावे. पोहण्याच्या दुकानात मिळणारा, दोरीने बांधलेला तरंगता तापमापक जवळ ठेवावा आणि हवेचा आकडा सांगणाऱ्या मोबाइलपेक्षा त्यावर विश्वास ठेवावा. तोही पृष्ठभागाचेच तापमान सांगतो, हे लक्षात असू द्यावे. जुलैमध्ये वरचे पाणी 23 अंश असले तरी काही मीटर खाली तापमान झपाट्याने उतरते, कारण गरम पाणी हलके असल्याने वरच राहते आणि खालचे गार पाणी त्यात मिसळत नाही. चष्मा किंवा अंगठी पडली म्हणून बुडी मारणाऱ्यांना हा गार थर अचानक गाठतो.

नव्याने आलेल्यांनी पहिल्या वर्षी जुलै आणि ऑगस्टपुरतेच पोहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑक्टोबरमध्ये पाणी 12-13 अंशांवर येते, नोव्हेंबरमध्ये दहाच्या खाली जाते. त्या पाण्यात शांतपणे उतरणारे जर्मन वृद्ध पाहून हुरूप येतो, पण त्यांनी वर्षानुवर्षे सराव केलेला असतो. थंड पाण्यातून बाहेर आल्यावरही काही वेळ शरीराच्या आतले तापमान उतरतच राहते, त्यामुळे गप्पा मारत ओल्या कपड्यांत उभे राहू नये. सोलापूरहून येताना दोन जाड टॉवेल आणि एक चादर बॅगेत घालावी. इथल्या दुकानातला पातळ टॉवेल या कामाचा नाही.

आपल्या मंडळींविषयीही थोडे लिहिले पाहिजे. शनिवारी दहा-पंधरा जणांचा गट जमतो, बिअर उघडली जाते, आणि चार वर्षे इथे राहिलेला कोणीतरी नवख्याला पलीकडच्या काठापर्यंत जाण्याची पैज घालतो. हे थांबले पाहिजे. आपल्या गावच्या तळ्यावर अनोळखी माणूससुद्धा ‘ए पोरा, तिकडं जाऊ नको’ म्हणून ओरडतो. इथे कोणी हटकत नाही. फलक लावला, तो वाचणे तुमचे काम, अशी या देशाची रीत आहे. काठावर जीवरक्षक असेलच असे गृहीत धरू नये. पोहणे कच्चे असेल त्यांनी जीवरक्षक असलेल्या, वानझे या जवळच्याच मोठ्या तलावाच्या स्नानतटावर जावे. आणीबाणीचा क्रमांक 112.

पाण्याच्या गुणवत्तेची सरकारी तपासणी 15 मे ते 15 सप्टेंबर या काळात होते आणि निकाल जाहीर केले जातात. गुडघाभर पाण्यात उभे राहून स्वतःची पावले दिसत नसतील, किंवा पाण्यावर हिरवी साय आली असेल, तर त्या दिवशी उतरू नये. काठावर कोणी विवस्त्र दिसले तर टक लावून पाहू नये आणि त्या दिशेला मोबाइल वळवू नये.

मुलांना घेऊन येणाऱ्यांनी पत्त्याची नोंदणी झाली की पोहण्याच्या वर्गात नाव घालावे, कारण प्रतीक्षायादी लांब असते. बर्लिनच्या शाळा तिसरीत पोहणे शिकवतात, पण तोवर थांबू नये. झेफेर्डशेन (समुद्रघोडा) हा पोहण्याचा पहिला बिल्ला 25 मीटर पोहल्यावर मिळतो आणि आईवडील पेढे वाटतात. तेवढ्यावर मुलाला तलावात एकटे सोडायचे नसते. त्यापुढच्या कांस्य बिल्ल्यासाठी 15 मिनिटांत किमान 200 मीटर पोहावे लागते. तो मिळेपर्यंत मूल पाण्यात असताना मोठ्या माणसाने हात पोहोचेल इतक्या अंतरावर, पाण्यातच उभे राहावे.