गोल्फच्या गाजलेल्या होलची नक्कल करताय? या चुका टाळा

सर्वाधिक नक्कल झाली ती फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रास या गोल्फ कोर्सच्या १७व्या होलची (होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा). बेटावरचं ग्रीन (खड्ड्याभोवतीची बारीक गवताची जागा) दिसलं की लोक तळं खणायला घेतात. मूळ किस्सा उलटा आहे. दलदलीत कोर्स उभा करायला कोर्सचे आरेखक पीट डाय यांना वाळू हवी होती, आणि चांगली वाळू निघाली ती नेमकी या ग्रीनभोवती. उपसता उपसता एवढा खड्डा पडला की पत्नी ॲलिस यांनी सुचवलं, आता बेटच करा. आधीच्या आराखड्यात पाणी ग्रीनच्या काही भागालाच लागून होतं. माझं मत विचाराल तर क्लबसाठी तोच आराखडा उचलावा.

शिवाय तो होल मागच्या टीवरूनही (टी म्हणजे पहिला फटका मारायची जागा) जेमतेम १३७ यार्डांचा आहे. नक्कल करणारे १८० यार्ड ठेवतात. मग रविवारी सकाळी एकेक जण तीन-तीन चेंडू बुडवतो आणि टीवर चार जोड्या ताटकळत बसतात. असं होत असेल तर टी पुढे आणा, ड्रॉप झोन (चेंडू बुडाल्यावर पुढचा फटका जिथून मारायचा ती जागा) द्या.

आकडा उचलण्याचीच चूक हवाईतल्या कापालुआच्या १८व्या होलबाबत होते. तो बरीच वर्षं ६६३ यार्डांचा होता, पण मोठा उतार आणि पाठीचा वारा असल्याने व्यावसायिक खेळाडू दोन फटक्यांत पोचत. सपाट जमिनीवर तेवढी लांबी म्हणजे नुसती पायपीट.

एका फटक्यात गाठता येणारा पार-४ (चार फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेला होल) हवा असेल तर टीपीसी स्कॉट्सडेलचा १७वा पाहा: ३३२ यार्ड, ग्रीनच्या डावीकडे आणि मागे पाणी. (२००१ मध्ये अँड्र्यू मॅगी यांचा टी-शॉट पुढच्या गटातल्या टॉम बायरम यांच्या पटरला, म्हणजे ग्रीनवर वापरायच्या काठीला, लागून थेट खड्ड्यात गेला होता!) तुमच्या होलवर सगळेच ड्रायव्हर (सर्वात लांब फटक्याची काठी) काढत असतील तर चुकल्याची शिक्षा कमी पडतेय, कुणीच काढत नसेल तर ती जास्त झालीय.

राहिला रेडान नावाचा होल. मूळ स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बर्विकचा, अमेरिकेतल्या बॅन्डनच्या ओल्ड मॅकडोनाल्ड कोर्सवर २०१० मध्ये नव्याने बांधलेला. इथे चेंडू ग्रीनच्या उजव्या खांद्यावर (उंचवट्यावर) टाकायचा आणि उताराने डावीकडे घरंगळू द्यायचा. नक्कल करणारे बंकरचा (वाळूच्या खड्ड्याचा) आकार हुबेहूब काढतात, पण ग्रीनला रोज भरपूर पाणी घालतात. त्या खांद्यावर हाताने एक चेंडू टाकून बघा. रुतून तिथेच बसला तर बंकरला हात लावू नका, आधी निचरा सुधारा.