हिपॅटायटिस बी : तपासणीच्या बाबतीत या चुका टाळा

कावीळ म्हटली की अजूनही अनेक घरांत आधी कावीळ उतरवणाऱ्याची आठवण होते. चुन्याच्या निवळीत हात धुवायचे, पाणी पिवळे पडले की कावीळ उतरली असे मानायचे आणि महिनाभर पथ्य पाळायचे. दूषित पाण्यातून होणारी ए किंवा ई प्रकारची कावीळ बहुधा आपोआप बरी होत असल्यामुळे या उपायाला यश मिळाल्यासारखे वाटते. हिपॅटायटिस बीमध्ये मात्र डोळ्यांचा पिवळेपणा गेला तरी विषाणू यकृतात मुक्काम ठोकून राहू शकतो, आणि दीर्घकालीन संसर्ग असलेल्या कित्येकांना तर कावीळ कधी झालेलीच नसते. लक्षणांची वाट पाहणे ही म्हणूनच सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

दुसरी चूक सुशिक्षित घरांतही होते. ‘एलएफटी’ म्हणजे यकृताच्या कार्याची रक्तचाचणी. ‘एलएफटी नॉर्मल’ हा शेरा वाचून माणूस निर्धास्त होतो. पण ती चाचणी यकृताला झालेली इजा दाखवते, विषाणू शोधत नाही. त्यासाठी एचबीएसएजी ही रक्तचाचणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते. भारतात बालकांच्या नियमित लसीकरणात हिपॅटायटिस बीची लस देशभर २०११ च्या सुमारास पोहोचली, त्यामुळे आजच्या बहुतेक प्रौढांनी ती लहानपणी मिळाली असेल असे गृहीत धरू नये.

शस्त्रक्रियेपूर्वी किंवा रक्तदानानंतर ‘पॉझिटिव्ह’ अहवाल हाती येतो आणि त्रास काहीच नाही म्हणून तो फाइलमध्ये पडून राहतो, हे मला सर्वाधिक खटकते. प्रत्येकाला औषध लागतेच असे नाही, परंतु विषाणूचे प्रमाण आणि यकृताची स्थिती नियमित पाहावीच लागते, कारण यकृत आकसलेले नसतानाही या आजारात कर्करोग होऊ शकतो. २०१८ पासूनच्या हिपॅटायटिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांमध्ये तपासणी व औषधे मोफत मिळतात. सुरू झालेली गोळी बरे वाटते म्हणून मनाने बंद करू नये. विषाणू पुन्हा उसळून यकृत निकामी होण्याचा धोका असतो.

घरात मात्र नेमके उलटे घडते. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे केले जाते, ज्याची मुळीच गरज नसते, आणि जोडीदार, मुले, भावंडे यांची तपासणी राहून जाते. संसर्ग रक्तातून, लैंगिक संबंधांतून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला होतो. त्यामुळे वेगळे ठेवायचे ते दाढीचे ब्लेड आणि दात घासायचा ब्रश.

जन्माच्या वेळी लागण झालेल्या सुमारे ९० टक्के बाळांमध्ये हा आजार कायमचा राहतो, तर प्रौढांमध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. गर्भवतीची चाचणी पहिल्या भेटीतच करावी. ती पॉझिटिव्ह असल्यास बाळाला जन्मानंतर शक्यतो १२ तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शन मिळायला हवे. हे इंजेक्शन ऐनवेळी सगळीकडे मिळेलच असे नाही, म्हणून त्याची सोय आधीच विचारून ठेवावी आणि बाळंतपणाच्या पिशवीत दुपटी-टोपड्यांच्या अगदी वर तो अहवाल ठेवावा.