मामाची मियाटा आणि एक तांब्या पाणी

जुनी, उघडणाऱ्या टपाची गाडी घरी आली की पहिलं काम इंजिनाचं नसतं. एक तांब्या पाणी घ्या. टप अर्धा उचलून धरा. दोन्ही बाजूंना, सीटबेल्टच्या खांबामागे, टॉर्च मारली की बोट जाईल एवढं भोक दिसतं. टपावरून आलेलं पाणी खाली सोडणाऱ्या नळीचं, म्हणजे ड्रेनचं, ते तोंड. त्यात बारीक धारेने पाणी ओता आणि कुणाला तरी मागच्या चाकाच्या जरा पुढे, गाडीखाली बघायला सांगा. वर ओतलं तसं खाली आलं तर पुढचं वाचा. थेंबथेंब आलं, किंवा आलंच नाही, तर बाकीची सगळी हौस बाजूला ठेवून आधी हे काम करा.

माझी गाडी १९९४ची माझदा एमएक्स-५. पहिल्या पिढीची, १.८ लिटरची, डोळे मिटणाऱ्या-उघडणाऱ्या दिव्यांची. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. मामा लंडनहून कायमचा परत आला तेव्हा सामानाबरोबर घेऊन आला, आणि १९९६ साली तिला मुंबईचा नंबर मिळाला. २०१४मध्ये त्याचे गुडघे एवढे दुखायला लागले की त्या खोलगट सीटमधून उठणं होईना. तेव्हा चावी माझ्या हातात ठेवून म्हणाला, "अगं, चालवत राहा. उभी ठेवलीस की संपली."

त्या पहिल्याच जूनमध्ये डावीकडच्या कार्पेटवर पाय ठेवला की पच्च असा आवाज यायला लागला. टप गळतोय असं धरून मी महिनाभर शिवणीवर मेण घासत बसले. शेवटी मिस्त्रीने सीट काढली, मागचं कार्पेट उचललं आणि ड्रेनच्या तोंडातून काळा लगदा बाहेर काढला. पार्ल्यात आमच्या सोसायटीत मी गाडी गुलमोहराखाली लावायचे. त्याची पानं तिळाएवढी नसली तरी चिंचेच्या पाल्याएवढीच. एकेक पान टपाच्या मागच्या पन्हळीतून घरंगळत नळीत जातं, कुजतं आणि बूच बसतं. मग पाणी दाराखालच्या पोकळ पेटीत उतरतं. ती पेटी म्हणजे गाडीचा कणा. ती आतून गंजते आणि बाहेर रंगाला फोड येईपर्यंत आपल्याला पत्ता लागत नाही.

नळी साफ करायला तार घालू नका. जुनं रबर फाटतं. हवेचा प्रेशरही नको, त्याने नळी आतल्या आत जोडातून निसटते आणि ती परत बसवायला हात पोचत नाही. मी मासे पाळणारे टाकीत सोडतात ती मऊ पारदर्शक नळी वापरते. ती हळूहळू आत फिरवत न्यायची, दुसऱ्या टोकाला मोठी सिरिंज लावून कोमट पाणी सोडायचं. शेवटी पेटीच्या खालच्या कडेला ज्या बारीक फटी आहेत त्याही मोकळ्या करा. बऱ्याच गाड्यांत खालून गंजरोधक थर (अंडरकोटिंग) देताना त्या बुजवलेल्या असतात, आणि मग आलेल्या पाण्याला वाटच राहत नाही. वर्षातून दोनदा, मेच्या शेवटी आणि दसऱ्याच्या आसपास, हे मी स्वतः करते.

गाडी अजून घ्यायची असेल तर पातळ रुमालात लोहचुंबक गुंडाळून त्या पेटीवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स मिळतो. सडलेल्या पेटीची गाडी कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

रस्त्यावरच्या पाण्याबद्दल माझा नियम सोपा आहे. फुटपाथची कड दिसेनाशी झाली की वळायचं. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, गांधी मार्केट या मुंबईतल्या पाणी तुंबणाऱ्या जागा पावसात माझ्या रस्त्यावर नसतातच. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी मामा गाडी घरी ठेवून लोकलने गेला होता, म्हणून आज ती आहे. पाण्यात बंद पडलीच तर चावी फिरवायचा मोह आवरा. इंजिनाने पाणी ओढलं असेल तर त्या एका सेल्फमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा आणि टो करून न्या.

पाण्यानंतर उष्णता. रेडिएटरची वरची टाकी प्लास्टिकची आहे. नवी असताना काळी असते, म्हातारी होते तशी तपकिरी, मग पिवळसर होत जाते. बॉनेट उघडून फक्त रंग बघा; चहाच्या रंगावर आली असेल तर ती फुटायची वाट बघू नका. सायनच्या ट्रॅफिकमध्ये मे महिन्यात एसी लावून उभं राहायचं असेल तर जाड ॲल्युमिनियमचा रेडिएटर हे पैसे वसूल करणारं पहिलं अपग्रेड. सोबत होसपाइप, थर्मोस्टॅट आणि टोपी नवी घ्या, आणि पंखे दोन्ही फिरतायत ना ते बघा. दोनपैकी एक एसीबरोबरच चालू होतो, त्यामुळे तो बंद पडलेला कित्येक महिने लक्षात येत नाही.

तेलगळतीची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण यात मालकांचे हकनाक पैसे जातात. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत तिथून तेल ठिबकायला लागलं. एका गॅरेजने सांगितलं, क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आकडा ऐकून मी गाडी परत आणली. मिस्त्रीने हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या मागे, केबिनच्या पत्र्याच्या बाजूला आरसा धरला. तिथे ठिणगी कधी पाडायची ते कळवणारा कॅम अँगल सेन्सर बसतो आणि त्याच्याभोवती एक रबरी ओ-रिंग असते. वीस-पंचवीस वर्षांत ती दगडासारखी कडक होते, तेल तिथून झिरपून मागच्या बाजूने खाली उतरतं आणि बरोबर क्रँकच्या सीलच्या जागी ठिबकतं. आम्ही जुनी रिंग घेऊन नागदेवी स्ट्रीटला गेलो. ऑइल सीलवाल्याने ती बोटांत फिरवली, कॅलिपर लावला आणि त्याच मापाची, उष्णता सोसणाऱ्या रबराची दुसरी दिली. वडापावच्या किमतीचं काम. एकच खबरदारी घ्या: सेन्सर काढण्याआधी त्याच्यावर आणि हेडवर मिळून रंगाची एक रेघ ओढा, आणि बसवताना ती जुळवा. नाहीतर ठिणगीचं टायमिंग बदलतं. तिथलेच हीटरचे होसपाइप तेलात भिजून फुगलेले असतील, तर तेही त्याच बैठकीत बदला.

पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताळमेळ राखणारा टायमिंग बेल्ट साधारण एक लाख किलोमीटरला बदलायचा असं पुस्तक म्हणतं, पण आपल्या गाड्या वर्षाला दोन-तीन हजारच चालतात, तेव्हा किलोमीटर मोजू नका, वर्षं मोजा. या इंजिनात बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हला भिडत नाहीत, फक्त गाडी जिथे असेल तिथे उभी राहते. बेल्टसोबत वॉटर पंप आणि पुढची सीलं करून घ्या, दोनदा मजुरी पडत नाही.

गिअर अडकायला लागला की लोक लगेच गिअरबॉक्सला नावं ठेवतात. आधी क्लचचा स्लेव्ह सिलिंडर बघा, म्हणजे पेडल दाबलं की तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग. गिअरबॉक्सच्या बाजूला असतो, त्याचं रबरी बूट, म्हणजे टोपण, मागे सारलं आणि आत ओलं दिसलं तर तोच दोषी. मुंबईच्या दमट हवेत ब्रेक-क्लचचं तेल पाणी ओढतं, म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचंच. आणि बऱ्याच जणांना ठाऊक नसलेली गोष्ट: गिअर लिव्हरच्या तळाशी एक स्वतंत्र वाटी आहे, तिच्यात ८० ते ९० मिलिलिटर गिअर ऑइल लागतं. ती आटलेली असते, आणि तिच्यावरचं रबरी बूट फाटलेलं असतं. त्या फाटलेल्या बुटातूनच गिअरबॉक्सच्या पोकळीतली गरम हवा आणि घरघर आत येते. मी दोन्ही बुटं बदलली, वाटी भरली, आणि दुसऱ्या दिवशी गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. पाय भाजायचे थांबले, एसीला दम आला. या गाडीवर केलेल्या कुठल्याही खर्चाने मला इतका आनंद दिलेला नाही.

दिव्यांचं बघू. वर-खाली होणारे दिवे सगळ्यांना आवडतात, सिग्नलला शाळेची मुलं बोटं दाखवतात. पण मोटर एके दिवशी अर्ध्यात थांबते, ती नेमकी रात्री आणि पावसात. बॉनेटखाली प्रत्येक मोटरवर एक रबरी टोपी आहे. ती काढली की खाली फिरकी असते, ती हाताने फिरवून दिवा वर आणता येतो. घरी उजेडात एकदा करून बघा, म्हणजे अंधारात हात आपोआप जाईल. आतली काच सात इंची गोल आहे, म्हणजे जुन्या जीपचीच. तेव्हा इथल्या बाजारातला एच-४ बल्बचा चांगला दिवा सहज बसतो. बल्ब ६०/५५ वॅटचाच ठेवा आणि सोबत रिले, म्हणजे बल्बला वेगळ्या तारेने करंट देणारा स्विच, टाका, म्हणजे तीस वर्षांच्या स्विचमधून सगळा करंट जात नाही. उजेडात पडणारा फरक बघून थक्क व्हाल.

बॅटरी डिकीत आहे. त्यामुळे साधी बॅटरी तिथे ठेवू नका; तिच्या वाफेने डिकीचा पत्रा खातो. बंद प्रकारची, वाफेला नळी जोडता येणारी घ्या, आणि ती नळी गाडीखाली सोडलीय याची खात्री करा.

टपाची मागची काच प्लास्टिकची आहे. टप उघडण्याआधी तिची चेन सोडून ती सपाट झोपवा आणि घडीत जुना पंचा ठेवा. ओला टप कधीही दुमडू नका. पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते आणि तो वास दिवाळीपर्यंत जात नाही. नवा टप शिवायची वेळ आली तर खऱ्या काचेचा घ्या.

टायर १८५/६० आर १४, आपल्याकडे मिळतात. दुकानात बाजूवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. हवा २६. पंपावरचा मुलगा सवयीने ३२-३५ भरतो, आणि एवढी हलकी गाडी मग खड्ड्यावर चेंडूसारखी उडते. त्याच्या शेजारी उभं राहून भरून घ्या. सस्पेन्शनची रबरी बुशं बदलायची असतील तर परत रबराचीच टाका. पॉलियुरेथेनची बुशं ट्रॅकवर चांगली असतील, आपल्या पेव्हर ब्लॉकवर ती हाडं खिळखिळी करतात. गाडी खाली बसवणारे स्प्रिंग तर नकोच. आमच्या सोसायटीच्या दारातला स्पीडब्रेकरच मी तिरकी घेऊन, एकेक चाक चढवत पार करते.

ताकद वाढवायच्या भानगडीत मी पडले नाही. ही गाडी जेमतेम एक टनाची आहे, आणि तिची मजा घाटातल्या वळणांत आहे, सरळ रस्त्यात नाही. तेच पैसे पेट्रोलच्या नळ्यांवर घाला. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि १९९४च्या रबराला त्याची सवय नाही. इंजेक्शनच्या गाड्यांसाठीच्या, इथेनॉल सोसणाऱ्या आर-९ प्रकारच्या नळ्या मागून घ्या आणि फिल्टर बदला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा अर्धी टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, त्यासाठी फॉर्म २५, गाडीची तपासणी आणि पर्यावरण कर. विमा, पीयूसी आणि नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट आधीच करून ठेवा. मुदत संपायच्या दोन महिने आधी अर्ज करता येतो, तेव्हाच करा. एखादा भाग बदलायचा निघाला तर तो परदेशातून येईपर्यंत हातात वेळ राहतो.

दर रविवारी सहाला मी तिला बाहेर काढते. पार्ल्याहून सी लिंक, तिथून कोस्टल रोडने मरीन ड्राइव्ह आणि परत, चाळीसएक किलोमीटर. सुरू केल्यावर वरून टिकटिक येते ती हायड्रॉलिक टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या तेलाने भरणाऱ्या टोप्यांची. तेल वर चढलं की मिनिटभरात थांबते. थांबली नाही तर तेल बदला. वरळीपर्यंत तापमानाचा काटा मधोमध येतो, तेव्हा टप उघडते. घरी आल्यावर खालून साध्या पाण्याने धुते, कारण समुद्राची खारी हवा पत्र्याला चिकटून राहते. कधीकधी मामा सोबत येतो. बसायला दोन मिनिटं लागतात, उठायला चार. सी लिंकवर तो तेलाच्या प्रेशरच्या काट्याकडे बघत असतो, तो अजून खरा प्रेशर दाखवतो म्हणून.

परवा मेअखेरचा तांब्या ओतला. डावीकडची धार ठणठणीत आहे. उजवीकडची जरा बारीक वाटली. या रविवारी फेरी नाही, सीट काढणार आहे.